बद्रीनाथ सहलीत माणा गावाला किती वेळ द्यावा? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

सचिव (ए-१०१): नमस्कार. सप्टेंबरमधील बद्रीनाथ सहलीचा कार्यक्रम प्रवास कंपनीकडून आला आहे. दर्शनानंतर तीन किलोमीटरवरील माणा या गावासाठी त्यांनी पाऊण तास ठेवला असून, त्यात व्यास गुहा, गणेश गुहा, भीमपूल आणि चहाचे प्रसिद्ध दुकान दाखवणार असल्याचे कळवले आहे. कोणाला बदल सुचवायचा असल्यास आज रात्रीपर्यंत येथेच लिहावे.

सी-४०४: पाऊण तास फारच कमी आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ती जागा म्हणून आपण तिथे जाणार आहोत. व्यास गुहेवरचा खडक एकावर एक थर रचल्यासारखा असून पोथीच्या पानांसारखा दिसतो, असे आमच्या नणंदबाई पाहून आल्या तेव्हा सांगत होत्या. भीमपुलाची प्रचंड शिळा, तिच्याखालून गर्जत जाणारी सरस्वती आणि थोडे खाली केशवप्रयागला तिचा अलकनंदेशी होणारा संगम, एवढे सगळे घड्याळाकडे पाहत कसे होणार?

बी-३०२: वहिनी, गुहांना वेळ द्यावा हे मान्यच आहे. मात्र गुहा पाहून परत फिरलो, तर मधले गाव पाहायचेच राहील, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथे आहे. सुमारे ३,२०० मीटर उंचीवरील या गावात भोटिया समाजातील मारछा लोक राहतात. त्यांची कित्येक पिढ्यांची कमाई यात्रेकरूंपेक्षा तिबेटच्या व्यापारावर अधिक होती. गावाच्या वर, सरस्वतीच्या उगमाकडे, साडेपाच हजार मीटरांहून उंच अशी माणा खिंड आहे. उन्हाळ्यात ती खुली झाली की इथले व्यापारी धान्य, गूळ आणि कापड घेऊन पलीकडे जात आणि मीठ, लोकर व टाकणखार घेऊन परतत. माल वाहायला शेळ्या-मेंढ्या असत. प्रत्येकीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या छोट्या पिशव्या बांधलेल्या असत, आणि ओझे असे थोडेथोडे वाटून दिलेले असल्यामुळे अरुंद, निसरड्या वाटेवरूनही कळप चरत चरत पुढे जाई, त्याच्यासाठी वेगळा चारा न्यावा लागत नसे. १६२४ साली आंतोनियो द आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरू वेष पालटून बद्रीनाथच्या यात्रेकरूंमध्ये मिसळला आणि याच खिंडीतून तिबेटमधील गुगे राज्याची राजधानी त्सापरांग येथे पोहोचला. पुढे १६३४ साली तो आपल्या गोव्यात वारला, म्हणजे या आडवळणाच्या गावाचा धागा आपल्याकडेही येऊन पोहोचतो.

ए-२०३: काका, मग हा व्यापार थांबला केव्हा? आईबाबांच्या जुन्या फोटोत गावाच्या वेशीवर ‘भारताचे शेवटचे गाव’ असे लिहिलेले आहे, तर हल्लीच्या सगळ्या फोटोंत ‘पहिले गाव’ दिसते.

बी-३०२: १९६२ च्या चीन युद्धानंतर खिंड व्यापाराला बंद झाली. त्यामुळे केवळ दुकानदारी बुडाली असे नव्हे. मेंढ्यांचे मोठे कळप बाळगण्याचे कारणच उरले नाही, तिबेटमधून येणारी लोकर थांबली आणि पुरुषांना सैन्यात, सरकारी नोकरीत किंवा मजुरीवर जावे लागले. १९६७ साली भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि शिक्षण व नोकऱ्यांची वाट थोडी सोपी झाली. पाटीबद्दल म्हणशील तर, ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान तिथे गेले असताना सीमेवरील प्रत्येक गाव हे देशाचे पहिले गाव आहे, असा विचार मांडला गेला आणि २०२३ साली सीमा रस्ते संघटनेने तशी पाटी लावली. सीमेवरच्या माणसाला त्यामुळे बरे वाटत असेल, तर उत्तमच आहे. परंतु शेकडो वर्षे हे गाव कोणत्याच टोकाला नव्हते, ते मधोमध होते, आणि दोन्ही पाट्यांवरून ही गोष्ट निसटते.

सी-४०४: भाऊ, तुम्ही व्यापाराचे सांगता ते पटते, पण देवस्थान आणि गाव यांना इतके वेगळे काढू नका. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास बद्रीनाथाची दारे बंद होतात, तेव्हा मूर्तीला तूप माखलेले लोकरीचे कांबळे पांघरतात. ते घृतकंबळ माण्याच्या मुली विणतात. पूजा करणारे रावळ केरळचे नंबुद्री आणि पांघरूण या गावाचे, हे मला फार विलक्षण वाटते. वैशाखात दारे उघडल्यावर ते कांबळे काढले जाते, त्यावरील तूप ओले राहिले आहे का हे पाहिले जाते, आणि त्यावरून पुढचे वर्ष कसे जाईल याचा अंदाज बांधला जातो. गावाचा स्वतःचा क्षेत्रपाळ घंटाकर्ण हाही बद्रीनाथाशी जोडलेलाच आहे. शिवाय वामन द्वादशीला बद्रीनाथाहून उद्धवाची मूर्ती माण्याजवळच्या माता मूर्ती मंदिरात नेतात आणि तिथे जत्रा भरते. ती तिथी भाद्रपदातलीच असल्यामुळे आपल्या तारखांशी जुळते का, हे सचिवांनी पाहावे.

बी-३०२: वहिनी, कांबळ्याचे उदाहरण माझ्या म्हणण्याला बळकटीच देते, कारण देवाचे पांघरूण त्याच मागावर विणले जाते ज्यावर या घरांतील बायका वर्षभर शाली, पंख्या (अंगावर घ्यायच्या लोकरी चादरी) आणि गालिचे विणत आल्या आहेत.

डी-१०५: एक व्यावहारिक प्रश्न आहे. आम्ही हिवाळ्यात बर्फ पाहायला जावे असे मुलाचे म्हणणे होते. तेव्हा गाव पाहता येते का?

बी-३०२: हिवाळ्यात गावात कोणी राहत नाही. नोव्हेंबरमध्ये देवाची दारे बंद झाली की गावकरी भांडीकुंडी, गुरेढोरे आणि म्हातारी माणसे घेऊन गोपेश्वरजवळच्या घिंघराणसारख्या खालच्या गावांत उतरतात आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा वर येतात. आपल्याकडे धनगर मेंढरांसह देश-कोकण करतात. इथे मात्र सबंध गावच, घरांना कुलपे लावून, हलते. उताराच्या दगडी छपरांची, लाकडी सज्जांची ही घरे अर्धे वर्ष बर्फाखाली रिकामी असतात. वर आल्यावर बटाटा, जव आणि फाफर (कुट्टूच्या जातीचे धान्य) यांची पेरणी करायची आणि थंडी येण्यापूर्वी पीक काढून घ्यायचे, एवढाच हंगाम त्यांना मिळतो. खाली न उतरल्यास काय होऊ शकते हे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिसले. माणा आणि बद्रीनाथ यांच्यामधील सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमस्खलन झाले, ५४ कामगार अडकले आणि त्यांतील आठ जणांचा मृत्यू झाला. गावकरी त्या काळात तिथे नसतात, हा पूर्वजांनी घालून दिलेला शहाणपणा आहे, आणि गावाचे प्राचीनपण मला गुहांपेक्षा या चढण्या-उतरण्यात जास्त दिसते.

ए-२०३: काका, हे त्यांचे आपसातले बोलणे गढवाली असते का? मला ऐकून थोडे तरी समजेल, अशी आशा होती.

बी-३०२: गढवाली आणि हिंदी त्यांना येतेच, त्यामुळे तुझे अडणार नाही. मारछांची स्वतःची भाषा मात्र रोंगपो ही तिबेटी-बर्मी कुळातील आहे, आणि मुले शाळेसाठी खालीच राहू लागल्यावर ती घरातून मागे पडत चालली आहे. गल्लीत ओट्यावर विणत बसलेल्या आजीबाईंकडे दोन मिनिटे थांबलास तर कदाचित ऐकायला मिळेल. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, एवढी विनंती.

डी-१०५: विणकामाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मागच्या एका सहलीत हाताने विणलेली म्हणून घेतलेली शाल पहिल्याच धुण्यात आखडली, त्यामुळे आमच्याकडे आता विश्वास उरलेला नाही.

सी-४०४: मग जिथे माग समोर चालू दिसेल तिथेच घ्यावे आणि फार घासाघीस करू नये. खरी लोकर थोडी टोचते आणि तिला वास येतो, आणि ती गरम पाण्यात कधीही धुवू नये. एवढे पाळले तर माझ्या सासूबाईंच्या घोंगडीसारखी ती वर्षानुवर्षे टिकेल.

सचिव (ए-१०१): सर्वांचे आभार. प्रवास कंपनीशी बोलून माण्याचा वेळ पाऊण तासाऐवजी सकाळी साडेआठ ते दुपारी साडेबारा असा करून घेतला आहे. गाडी वेशीपर्यंतच जाते आणि पुढे फरसबंदी चढ आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी सोबत ठेवावी. पुढचा वसुधारा धबधबा सुमारे पाच किलोमीटर पायी असल्यामुळे तो या वेळात बसणार नाही. वामन द्वादशीची तिथी आपल्या तारखांपूर्वी येत असल्यामुळे जत्रेसाठी दोन दिवस आधी निघायचे झाल्यास रेल्वे तिकिटे बदलावी लागतील. त्याला किती कुटुंबे तयार आहेत, हे कृपया उद्या दुपारपर्यंत कळवावे.

सी-४०४: आमच्याकडून चार जण तयार आहेत.

बी-३०२: माझेही दोन जण धरावेत.