मूठभर कणांना 'द्रव' म्हणायचं का?

कृष्णाकाठ, सांगली:
बारावीला फिजिक्स शिकवतो. काल वर्गात सांगितलं की अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळली, वायूसारखं काही मिळेल असा अंदाज होता, आणि २००५ मध्ये जाहीर झालं की टकरीत तयार होणारा अतितप्त पदार्थ (क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून सुटलेल्या क्वार्क-ग्लुऑन कणांचा रस) जवळजवळ आदर्श द्रव आहे. एका मुलीनं विचारलं, "सर, द्रव म्हणायला कण किती लागतात?"
माझं मत: शिशाच्या केंद्रकांच्या टकरीत हजारो कण निघतात, तिथं 'द्रव' शब्द शोभतो. पण २०१० मध्ये सर्नमध्ये (युरोपातली कणभौतिकी प्रयोगशाळा) प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतही कण तसेच मिळून ठरावीक दिशांना सुटण्याचा नमुना दिसला. शे-सव्वाशे कणांना द्रव म्हणणं मला पटत नाही.

माहुलीकर:
सर, मोजणी सोडा, वागणूक बघा. केंद्रकं थोडी बाजूनं आदळली की मधला भाग बदामासारखा होतो. आखूड बाजूला दाब झपाट्यानं उतरतो, म्हणून तिकडे कण जास्त जोरात सुटतात. सुटेसुटे असते तर सगळीकडे सारखेच उडाले असते. आयर्विन पुलाच्या खांबाला पाणी मिळून वळसा घालतं, तसंच हे. ब्रुकहेवनच्याच फिनिक्स प्रयोगात प्रोटॉन, ड्यूटेरॉन (दोन कणांचं केंद्रक) आणि हेलियम-३ (तीन कणांचं) सोन्यावर आदळले: टकरीचा भाग अनुक्रमे गोल, लांबट, तिकोनी. कणांच्या विखुरण्यातही तेच आकार उमटले!

कृष्णाकाठ:
आकाराचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण वेगवान क्वार्क या पदार्थातून जाताना ऊर्जा गमावतो. शिशाच्या टकरीत हे स्पष्ट दिसतं, प्रोटॉन-शिसे टकरीत ठोस पुरावा नाही. वाहतं पण अडवत नाही, असा कसला द्रव?

हरिपूरचा:
थेंब इतका लहान की अडवायला वाटच उरत नाही. आणि 'आदर्श' शब्दावरही जरा थांबा, मुलं तिथंच फसतात. निव्वळ चिकटपणा पाहिला तर हा पदार्थ काकवीच काय, डांबरालाही मागे टाकतो. पण तो चिकटपणा एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या मापाच्या) घनतेनं भागला की उत्तर नैसर्गिक एककांत १/४π या सैद्धांतिक किमान मूल्याजवळ येतं. आदर्श आहे तो या अर्थानं.

कृष्णाकाठ:
हे उद्या फळ्यावर मांडतो, मी घाईत गाळलं होतं. प्रोटॉनबद्दल मात्र अडून आहे: 'द्रवासारखं वागणं' म्हणा, 'द्रव' नको. जुलै २०२५ मध्ये सर्नमध्ये ऑक्सिजनची केंद्रकं आदळली. प्रत्येकात १६ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून), म्हणजे प्रोटॉन आणि शिसे यांच्या अधलामधला आकार. त्या मुलीला तिथंच बघायला सांगणार आहे.