वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रभर तापलेला, खोलीत वयस्कर आई. कोल्हापुरात काय केलेलं टिकतं?

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत आमचं घर आहे, वरच्या मजल्यावर आईची खोली. डोक्यावर थेट टेरेस, पश्चिमेची भिंत उघडी. त्रास दुपारपेक्षा रात्रीचा जास्त. दिवसभर ऊन प्यालेला स्लॅब आणि भिंत अंधार पडल्यावर तीच उष्णता आत सोडत राहतात. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि खोलीत पंखा गरम हवाच फिरवत असतो. आई पंचाहत्तरीच्या पुढची, बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे. या वयात तहान लागलेली नीट कळत नाही, त्यात गोळीनं अंगातलं पाणी जातं. तिची फार काळजी वाटते. पाण्याचं आणि गोळीचं डॉक्टरांच्या सल्ल्यानं चाललंय. मला मदत हवी आहे ती घराबद्दल.

कूलर आहे. मार्चमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा खिडकी उघडी ठेवली की छान चालतो. वळीव पडून गेला की हवा दमट होते, पॅडमधलं पाणी उडत नाही आणि खोली नुसती चिकचिकीत होते. एसीला आईचा नकार, गुडघे आखडतात म्हणते. २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावू, असं तिला समजावतोय. पण लाइट गेली की आमच्या इन्व्हर्टरवर एसी चालणार नाही, आणि स्लॅब असाच तापत राहिला तर एसीचं बिलही वाढणार. म्हणून आधी ऊन वरच्यावर अडवायचं, असं माझं ठाम मत झालंय.

टेरेससाठी तीन पर्याय ऐकलेत: चुन्यात फेविकॉल घालून हात मारणे, ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग, नाहीतर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. चुना स्वस्त, पण आपल्याकडच्या पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागेल, असं गवंडी सांगतो. मोझॅक टिकतं, पण जुन्या स्लॅबवर तेवढं वजन टाकायला मन धजत नाही. रंग कुणी मारला असेल तर किती वर्षं टिकला? धुळीनं मळल्यावर टेरेस धुऊन काढता का? शेजाऱ्यांनी स्लॅबपासून चांगली उंच हिरवी शेडनेट बांधलीय, खालून वारा खेळतो. मला ती सगळ्यात पटते, पण वळवाच्या वाऱ्यात तग धरते का?

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा आहे. मात्र ऊन काचेतून आत आल्यावर पडदाच तापतो, त्यामुळे बाहेरून बांबूची चिक लावायची आहे. मापानं करून देणारं कुणी शहरात माहीत आहे का?

ज्यांनी यातलं काही करून पाहिलंय त्यांनी रात्री झोपताना खरंच फरक पडतो का, तेवढं आवर्जून लिहा. जूनमध्ये झड लागली की टेरेसवर काहीच करता येणार नाही, रंग वाळायला कोरडे दिवस हवेत. या आठवड्यात कळलं तर लगेच माणूस लावतो.