गच्चीवरचे जुने कपडे (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

बी-२०४: नमस्कार मंडळी, गच्चीवर जुन्या कपड्यांची जी गाठोडी जमलीत ती प्लीज कुणी घंटागाडीत देऊ नका. काल चार सोडून बघितली, एकदोनदाच घातलेले टॉप आहेत ओ त्यात आणि तळाला एक इरकल निघालं, घडीवर विरलंय पण काठ शाबूत, पदर अजून लालभडक. मी काठ उसवून घेतलेत, जुन्या जीन्सच्या जॅकेटला पाठीवर धावदोऱ्याने लावतेय, फोटो रात्री टाकते

ए-१०१: अगं ते आमच्या सासूबाईंचं! बोहारणीनं पण घेतलं नाही म्हणून टाकलं

बी-२०४: काकू मग जॅकेट तुमच्या नातीला

सी-३०३: कौतुक आहे ताई, पण एवढे कष्ट कशाला, ३०० रुपयात नवीन टॉप येतो की

बी-२०४: दादा, तेच तर खटकतं. एवढं स्वस्त मिळतं ते शिवणाऱ्याच्या मजुरीत कापूनच ना. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, आदल्या दिवशी बिल्डिंगला तडे गेलेले दिसत होते तरी बायकांना कामावर बोलावलं, ११०० च्या वर माणसं गेली, परदेशी ब्रँडचे कपडे शिवत होती ती. आणि एका सुती टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं असं धरतात, बहुतेक सगळं कापूस पिकवायलाच. पॉलिस्टर तर वर्षानुवर्षं कुजत नाही. २०१९ च्या महापुरात मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग आठवा, कुणाच्या अंगावर गेले ते?

ए-४०२: आमची आई दंड घातलेलं, म्हणजे फाटलेलं कापून परत जोडून शिवलेलं लुगडं नेसायची. शाळेत आली की मी लपून बसायचो. आज वाईट वाटतं

बी-२०४: काका, म्हणूनच आपण दंड झाकायचा नाही, पिवळ्या दोऱ्यानं वरूनच घालायचा, अगदी लांबून दिसेल असा. गणपतीत आपल्या सोसायटीतल्या सगळ्यांनी असलेच जॅकेट घालून आरतीला यायचं, कुणी विचारलं हे काय घातलंय की सांगायचं हा काठ कुणाचा, ही जीन्स कुणाची

बी-१०२: ताई मला पण शिकवा, पण मला मशीन येत नाही

बी-२०४: सुईत दोरा ओवता येतो ना, बास. रविवारी ४ वाजता गच्चीवर ये. शिंप्याकडून पोतंभर कातरण आणलीय

ए-१०१: दुसरं एक हिरवं लुगडं आहे गं, पण उंदरानं कुरतडलंय, चालेल का

बी-२०४: आणा काकू, भोकाभोकावर पानं भरू