कुर्डुवाडी स्थानकावर कॅलथ्रॉपच्या नावाचा फलक हवा की नको?

माढेकर
मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे लातूरला जाणारी लाइन आज ब्रॉडगेज आहे. मुळात ती बार्शी लाइट रेल्वे या खासगी कंपनीने घातली. कंपनी १८९५ साली लंडनमध्ये स्थापन झाली आणि तिच्यामागचा माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत (जीआयपीत) नोकरी केलेला इंजिनिअर. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. मग १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर.

बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण जीआयपीची लाइन वीस-एकवीस मैलांवरून निघून गेलेली. अडीच फूट अंतराच्या रुळांवर, म्हणजे नॅरोगेजवर, खरी मालवाहतूक होईल यावर तेव्हा फारसा कुणाचा भरवसा नव्हता. कॅलथ्रॉपने हिशोबच वेगळा मांडला. इंजिन असो की वाघीण, एका आसावर (ॲक्सलवर) पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग गजाला (यार्डाला) ३० पौंडांचे हलके रूळही पुरतात आणि वाघीण मात्र पोटभर भरता येते. इंजिन जड झालं तर चाकं वाढवायची, रुळांचं वजन नाही. भारतात आणण्याआधी ही गाडी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे चालवून दाखवली होती.

कुर्डुवाडीला कंपनीचं नाव, संस्थापकाचं नाव आणि ही सगळी सालं लिहिलेला ठळक फलक असावा, असं माझं ठाम मत आहे.

मांजराकाठ
माढेकर, माहिती चांगली दिलीत. पण लातूरकर म्हणून माझा या फलकाला विरोध आहे. या अडीच फुटांनी लातूरला जवळजवळ शंभर वर्षं अडकवून ठेवलं. मुंबईला जाणारा माल लातूरला वाघिणीत भरायचा, कुर्डुवाडीला उतरवायचा आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवायचा. हमाली दोनदा, वेळ दुप्पट. लातूर-धाराशिव ब्रॉडगेज झालं २००७ ला!

आणि धाराशिवचंच बघा. जिल्ह्याचं ठाणं, पण कंपनीची लाइन येडशीवरून सरळ लातूरकडे गेली. गावात रेल्वे आली ती ब्रॉडगेज करताना मार्ग बदलला तेव्हा. लंडनच्या भागधारकांना कापूस दिसत होता, माणसं नाही.

वऱ्हाडी
मांजराकाठशी सहमत. आमच्या विदर्भातल्या शकुंतला या नॅरोगेज गाडीची गतही तीच. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर, दोन्ही फाटे कापसासाठीच टाकलेले. कंपनीचं नाव मध्य प्रांत रेल्वे, कारभार किलिक निक्सन या कंपनीकडे. बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हिची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. १९२१ चं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, यावरून काय ते समजा. अशा संस्थापकांचे गोडवे गावेसे वाटत नाहीत.

माढेकर
शकुंतलेचं दुखणं खरं आहे, पण बार्शी लाइटला तो डाग लावू नका. ती सरकारने १९५४ मध्येच घेतली. त्यानंतर पन्नास वर्षं रुंदीकरण रखडलं, त्याचा जाब लंडनला कसा विचारता?

मांजराकाठ, एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानलेलं असताना मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती कोणत्या वाटेने आली? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. मिरज आणि लातूर एका लाइनीने जोडायचं काम १९२७ ला पुरं केलं ते याच कंपनीने.

मांजराकाठ
ती रेल्वे आली तेव्हा आम्ही स्टेशनवर उभे होतो, त्यामुळे ती विसरणं शक्य नाही. पण तुमचाच हिशोब लावा. पाच टन आसाला, चार आस, म्हणजे वाघीण आणि माल मिळून वीस टन. त्या दहा वाघिणींत प्रत्येकी पन्नास टन नुसतं पाणी होतं. कॅलथ्रॉपच्या रुळांवर ती गाडी एक इंच हलली नसती. पाणी आणलं ते ब्रॉडगेजने.

पंचगंगा
दोघांनाही एक विचारते. मान द्यायचा तर तो आपला पैसा घालणाऱ्याला का नको? मिरज-कोल्हापूर लाइन कोल्हापूर संस्थानने स्वतःच्या खजिन्यातून बांधली. १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते पहिली कुदळ पडली, तेव्हा त्यांचा राज्याभिषेकही व्हायचा होता. १८९१ ला गाडी आली. चालवायला सदर्न मराठा रेल्वे होती, पण मालक संस्थान. माथेरानची गाडीही अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी घरच्या पैशातून १९०७ ला पुरी केली. ही माणसं इथलीच होती.

माढेकर
पंचगंगाताई, त्यांचेही फलक लागावेत, मी तर वर्गणी काढीन. पण इथला आणि बाहेरचा अशी चाळणी लावली तर कुर्डुवाडीला लिहिण्यासारखं काहीच उरत नाही. हे गाव जंक्शन झालं ते बार्शी लाइटमुळे. इथल्या नॅरोगेजच्या कारखान्यात माढा-बार्शीकडच्या घरांतल्या दोन-दोन पिढ्या राबल्या. आषाढीला टपावर बसून पंढरपूर गाठणारे वारकरी याच गाडीचे. मांजराकाठ म्हणतात तो वीस टनांचा हिशोबही फलकावर घ्या. पहिली वाट हलकी होती आणि तिच्यामागे मोठी आली, एवढं त्यातून कुणालाही कळेल.

मांजराकाठ
दुहेरी हमाली आणि सुटलेलं धाराशिव, दोन्ही त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत येणार असेल तर माझा विरोध मागे. नुसतं कॅलथ्रॉपचं नाव आणि तसबीर लावणार असाल, तर कायम आहे.