आजोबांची .२७५ रिग्बी ठेवावी, की जमा करून नवी रायफल घ्यावी?

कोथरूडकर७
आजोबांची .२७५ रिग्बी वारसाहक्काने माझ्या लायसनवर येतेय. माउझर ॲक्शन (काडतूस भरायची-काढायची यंत्रणा), दुर्बीण नाही, मागची साईट घडीची. १२ बोअरची दुनळी आधीच आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरून दोनच शस्त्रं ठेवता येतात. म्हणजे ही ठेवली तर नव्या रायफलीला जागा उरत नाही. शिकार कायद्याने बंदच आहे, वापर झाला तर रेंजवर, १०० मीटरपर्यंत. मित्र म्हणतात आधुनिक कॅलिबर घे. जाणकारांनी सांगावं, जुन्यात खरंच काही आहे का?

आटेवाला
ठेवा. .२७५ रिग्बी म्हणजे १८९०च्या दशकातलं ७×५७ माउझरच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर शिकारी जिम कॉर्बेटना १९०७मध्ये भेट मिळालेली रायफल याच कॅलिबरची. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,७०० फुटांनी जाते. २००७मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर हे आधुनिक काडतूसही तेवढ्याच वजनाची गोळी जवळपास त्याच वेगाने फेकतं. क्रीडमूरची गोळी बारीक आणि लांब, त्यामुळे ४००-५०० मीटरवर वाऱ्याने कमी ढळते. तुमच्या १०० मीटरवर तो फायदा हाती लागत नाही.

दाबात मात्र मोठा फरक आहे. अमेरिकन मानकात ७×५७ची कमाल मर्यादा ५१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), क्रीडमूरची ६२,०००. कॉर्डाइट, म्हणजे तेव्हाची ब्रिटिश दारू, उन्हात तापलं की दाब चढायचा, पितळी केस (काडतुसाचं कवच) चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेला, चिकटायची आणि ऐन वेळी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडायचा नाही. म्हणून हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी काडतुसं करणाऱ्या ब्रिटिशांनी दाब कमी ठेवला. १९१२चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड पाहा: केस बुडाकडून तोंडाकडे निमुळती, त्यामुळे जराशी मागे सरकली की चौफेर सुटते. नव्या काडतुसांच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, त्या शेवटपर्यंत घासत येतात.

दुसरी गोष्ट माउझर ९८चा (१८९८चं मॉडेल) लांब एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा पंजा. मॅगझिनमधून काडतूस वर येतानाच त्याची कड पंजाखाली सरकते. बोल्ट अर्धा ढकलून मागे ओढला तरी ते काडतूस बाहेर फेकलं जातं. बऱ्याच नव्या रायफलींत पंजा बोल्ट बंद होताना बसतो. तिथे अर्ध्यावरून मागे आलात तर पहिलं काडतूस चेंबरमध्येच राहतं आणि दुसरं त्याच्यावर आपटतं. पण या पंजाला एक पथ्य आहे. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट दाबू नका, पंजाची धार तुटते. एकच झाडायचं असलं तरी मॅगझिनमधूनच भरा.

खडकीबाजार
यंत्राबद्दल वर लिहिलंय ते सगळं मान्य. पण काडतुसं मिळणार कुठे? आपल्याकडे सहज मिळतं ते .३१५, बुडावर 'केएफ' शिक्का असलेलं, म्हणजे आपल्या खडकीचं. ७×५७ आयातीचं, डीलरकडे असलं तर असलं. निर्मितीच्या लायसनशिवाय घरी काडतूस भरणं गुन्हा आहे, तो विचार सोडा. रायफल ठेवायचं ठरवण्याआधी दोन-तीन डीलरना विचारा. रेंजचंही तसंच: १० आणि ५० मीटरच्या रेंज एअर रायफल आणि .२२साठी बांधलेल्या असतात, मोठ्या बोअरची परवानगी आधी लेखी घ्या.

आणि पुण्याचा पावसाळा. अक्रोडाचा दस्ता ओल पितो, फुगतो, नळीला एका बाजूने रेटतो. उन्हाळ्यात मध्यावर लागणारी गोळी ऑगस्टमध्ये सरकते. बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) काढून आतलं उघडं लाकूड आणि मॅगझिनची खोबण उकळलेल्या जवस तेलाने बंद करा, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळू देऊन. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, गंज तिथूनच धरतो. कपाटात उभी करताना तोंड खाली. तोंड वर ठेवलं तर तेल ॲक्शनमागे दस्त्यात मुरतं, लाकूड मऊ पडतं, आणि मागच्या टोकाशी बारीक चीर दिसेपर्यंत कळतही नाही.

कोथरूडकर७
दोघांचे आभार. ॲक्शन ९८चीच आहे की १८९३-९५ची, घरी कसं ओळखायचं? आणि झाडण्याआधी काय तपासून घ्यायचं?

आटेवाला
रिकामी असल्याची खात्री करा, मगच बोल्टला हात लावा. दांडा वर उचलताना स्प्रिंग जड लागली तर ९८. उचलताना हलका आणि पुढे ढकलताना शेवटी जड, तर जुनी ९३-९५. त्यात मागचा तिसरा लग (बोल्टला अडकवून धरणारा दात) नसतो. युरोपियन मानकात याच काडतुसाची मर्यादा ३,९०० बार आहे, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय. ९८ला ते पेलतं, ९३-९५मध्ये युरोपियन माल घालू नका.

मग बंदूक दुरुस्त करणाऱ्या लायसनधारकाकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांत काडतुसाला मिळणारी जागा) मोजून घ्या: 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये. झाडलेल्या केसवर बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर तिथेच थांबा, पुढची केस दुभंगू शकते. जुन्या क्लोरेट प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) क्षारांनी नळी आतून खाल्लेली असते, तेल ते विरघळवत नाही. तसली काडतुसं झाडलीच तर त्याच दिवशी उकळतं पाणी ओता, कोरडं करा, मग तेल.

निशाण_बाणेर
एक राहिलं. नळीवर नुसतं '.२७५' लिहिलेलं असेल तर चेंबरचा साचा काढून मापं घ्या. .२७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे बुडाशी जाड पट्टा असलेलं, वेगळंच काडतूस आहे. नाव सारखं म्हणून एकाचं दुसऱ्यात घालू नका.