१९४७ चा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, १९७८ चा का चिकटत नाही?

नाणेसंग्राहक:
घरातील जुनी नाणी वर्षांनुसार लावताना मी प्रत्येकाजवळ लोहचुंबक नेऊन पाहिला. एका बाजूस सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूस वाघ असलेला १९४७ चा रुपया चटकन चिकटला, १९५४ चाही चिकटला. १९७८ चा रुपया मात्र, त्यातही निकेल असूनही, जागचा हलला नाही. असे का व्हावे? १९४७ चे नाणे बनावट तर नसेल ना?

धातुशास्त्राचा अध्यापक:
तो रुपया शुद्ध निकेलचा होता, तेव्हा तो न चिकटता तरच शंका घ्यावी लागली असती. १९७८ च्या रुपयात ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल आहे. हे दोन्ही धातू कोणत्याही प्रमाणात एकमेकांत पूर्ण मिसळतात, त्यामुळे चुंबकाने ओढून घ्यावेत असे निकेलचे वेगळे कण त्यात उरतच नाहीत. निकेलचा अणुक्रमांक २८, तांब्याचा २९, म्हणजे तांब्याच्या अणूत एक इलेक्ट्रॉन जादा. निकेलच्या अणूतील ३डी नावाच्या कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉन राहण्याच्या जागांत, काही जागा रिकाम्या असतात आणि त्याचे चुंबकत्व त्यांच्यावरच अवलंबून असते. सोप्या मांडणीत सांगायचे, तर तांब्याचा जादा इलेक्ट्रॉन त्या जागा भरत जातो. तांबे सुमारे ६० टक्क्यांवर गेले, की मिश्रधातू कितीही थंड केला तरी लोहचुंबकत्व परत येत नाही.

स्टीलच्या कारखान्यातील वाचक:
पोलादात निकेलची करामत वेगळीच असते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हे निकेल लोखंडाची स्फटिकरचनाच बदलून टाकते आणि त्यामुळे लोखंड मुख्य घटक असूनही भांडे चिकटत नाही. अशा भांड्याचा दाबून वळवलेला काठ तेवढा किंचित ओढला जातो, कारण दाबाखाली तिथली रचना थोडी पालटते.

नाणेसंग्राहक:
आभारी आहे. तापवल्यावर निकेलचे चुंबकत्व जाते असे वाचले आहे. नाणे तापवून खात्री करावी काय?

धातुशास्त्राचा अध्यापक:
कृपया तसे करू नका. निकेलचे लोहचुंबकत्व साधारण ३५५ अंश सेल्सिअसला जाते आणि निवल्यावर परतही येते, परंतु तोवर नाण्याचा पृष्ठभाग काळवंडेल. प्रयोगासाठी निकेलची पट्टी घ्यावी. नाणे तपासायचे असेल, तर वजन पाहावे, कारण लोखंडाची नक्कलही चुंबकाला चिकटतेच. १९४७ चा अस्सल रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. निकेलची घनता ८.९ आणि लोखंडाची ७.९ असल्याने त्याच आकाराची लोखंडी नक्कल साधारण १०.३ ग्रॅम भरेल. हा फरक सोनाराच्या काट्यावर सहज कळतो.