एकाच मुलाच्या चालण्याचे दोन वेगळे रिपोर्ट, खरा कुठला?

इंदिरानगरची_आई:
मुलगा साडेपाच वर्षांचा, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, स्पास्टिक डायप्लेजिया (दोन्ही पायांचे स्नायू ताठ), जीएमएफसीएस लेव्हल २, म्हणजे स्वतः चालतो पण लांब अंतर, जिना जड जातं. मार्चमध्ये रिपोर्ट आला की चालण्याची क्वालिटी छान सुधारलीये. मग घराजवळ थेरपी बदलली तर दोनच महिन्यात तिथल्या मॅडम म्हणाल्या बॅलन्स कमी आहे, डाव्या पायावर वजन नीट घेत नाही. आधी नाशिक रोडला सिटीलिंक बसने जायचो, आता पाच मिनिटांवर. पोरगं मागे गेलं की बघणाऱ्यांच्या नजरेत फरक आहे? रात्रभर झोप नाही मला.

पेडी_फिजिओ_नाशिक:
ताई, आधी शांत व्हा. जीएमएफएम या हालचालींच्या टेस्टमध्ये मूल किती करतं ते बघतात, एकेका आयटमला ० ते ३ मार्क, आधाराशिवाय १० पावलं चाललं की नाही हे दोघींना सारखंच दिसणार. कसं चालतं हे मात्र डोळ्याने ठरवायचं असतं, म्हणजे अलाइनमेंट (शरीर सरळ रेषेत आहे का), वेट शिफ्ट (वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं), स्टॅबिलिटी, आणि तिथे ट्रेनिंग घेतलेल्या दोघींचेही मार्क वेगळे पडू शकतात. म्हणून क्वालिटी एफएमसारख्या, हालचाल कशी होते ते मोजणाऱ्या टेस्टमध्ये मार्क व्हिडिओवरून देतात, पॉज करून, मागे नेऊन, परत बघता येतं. दोन्ही वेळी एएफओ, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा (स्प्लिंट), घातलेला होता का? बूट काढले होते का?

एमपीटी_करतेय:
अजून एक, टेस्टची आयसीसी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या लोकांनी दिलेले मार्क किती जुळतात तो आकडा, चांगली असली म्हणून एका मुलाचा दोन मार्कांचा फरक खरा असतोच असं नाही, मोजण्यातली चूक त्याहून मोठी असू शकते. आणि म्हणून बघणं फालतू आहे असंही नाही हं, ३ ते ५ महिन्यांच्या बाळांच्या फिजेटी मूव्हमेंट्स (अंगभर सतत होणाऱ्या बारीक हालचाली) व्हिडिओवर बघून सीपीचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाने बांधता येतो, पण बघणारे शिकलेले लागतात.

दोन_लेकींचा_बाबा:
आम्ही गच्चीवर दर महिन्याला त्याच जागी, अनवाणी, चड्डी घालून, समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढतो, सकाळी, दमायच्या आत. मग थेरपिस्टला जुना नवा शेजारी लावून दाखवतो, तारीख न सांगता. थोरलीचा टाच टेकण्यातला फरक तेव्हाच कळला, रिपोर्टमधून कधीच कळला नव्हता.

इंदिरानगरची_आई:
मार्चमध्ये एएफओ घालूनच चालवलं होतं, आता अनवाणी!! हे कुणी विचारलंच नव्हतं मला. मार्चचा एक व्हिडिओ मोबाईलमध्ये आहे, उद्या तसाच एएफओ घालून काढते आणि मॅडमना दोन्ही एकत्र बघायला सांगते.